शुक्राची हवा आणि पाचवं प्रकरण

मुरगूडला जाणाऱ्या एसटीत शेजारच्या बाईनं "काय करतासा?" म्हणून विचारलं की मी खरं ते सांगते. तिथल्या कॉलेजात तासिकेवर फिजिक्स शिकवते आणि शुक्राच्या हवेवर पीएचडी करते. पुढचे प्रश्न मग ठरलेले असतात. "पत्रिकेतला शुक्र?" न्हाय, आभाळातला. "मग तिथं जाऊन आलासा व्हय?" न्हाय. "मग हितं कोल्हापुरात बसून तिथली हवा कशी काय कळतीया?"

हा शेवटचा प्रश्न मला आवडतो, कारण विचारणाऱ्या बाईला खरंच उत्तर हवं असतं. तोच प्रश्न शिकल्यासवरल्या माणसानं विचारला की त्यात उत्तराला जागाच ठेवलेली नसते. "कोल्हापुरात बसून? शुक्र?" एवढं म्हणून ते हसतात आणि माझं डोकं फिरतं. का हो? शुक्र काय फक्त मोठ्या शहरातनंच दिसतो? संध्याकाळी रंकाळ्यावर उभं राहिलं की चांगला ठसठशीत दिसतो, आणि कुणाची परवानगी लागत नाही.

तर एसटीतल्या बाईला सांगते तेच इथं सांगते. शुक्राभोवती एक यान फिरत असतं. फिरता फिरता, आपल्याकडनं बघितलं तर, ते शुक्राच्या मागं जातं. ते सारखा रेडिओचा सिग्नल पाठवत असतं आणि इथल्या मोठमोठ्या ॲंटेना तो ऐकत असतात. यान पूर्ण आड होण्याआधी थोडा वेळ तो सिग्नल शुक्राच्या हवेतनं घासून येतो. हवा त्याला वाकवते. किती वाकवलं ते त्याच्या बदललेल्या सुरावरनं ओळखायचं, आणि त्यावरनं कुठल्या उंचीवर हवा किती गरम, किती दाट, हे गणितानं काढायचं. यानावर त्यासाठी एक फार नेमकं घड्याळ बसवलेलं असतं, कारण मूळ सूरच हलला तर सगळं मुसळ केरात. हा सगळा डेटा काही काळानं नेटवर सगळ्यांसाठी टाकतात. ओळख लागत नाही, वशिला लागत नाही. राजारामपुरीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत तो उतरतो. मोठ्या संस्थेतल्या माणसाकडं येतो तोच डेटा, एक आकडा कमी नाही की जास्त नाही.

त्या आकड्यांतनं मी तापमानाच्या रेघा काढत बसायची. वर जावं तशी हवा गार होत जाते, म्हणून रेघ एका अंगाला झुकत जाते. पण ढगांच्या वरच्या बाजूला काही रेघांवर बारीक चढउतार दिसायला लागले. जरा गरम, जरा गार, पुन्हा गरम. आधी मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. पुन्हा काढल्या. पुन्हा तेच. आणि एका रेघेवर जसे, तसेच दुसरीवर, तिसरीवर. वारा डोंगराला धडकून वर उठतो तेव्हा हवेत अशा लाटा उठतात, हे पुस्तकात शिकलेलं होतं. नदीत धोंड्यावरनं पाणी जाताना वर कसं उचलतं, तसंच. शुक्रावर डोंगर आहेत. वाराही आहे, आणि तो काय साधासुधा नाही. मग ह्या त्याच लाटा का नसाव्यात?

हे माझ्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण झालं. आधीची चार प्रकरणं बरी होती, पण ती कुणीही लिहिली असती. पाचवं माझं होतं. हे बोलायला मला लाज वाटत नाही.

माझे गाईड फार चांगले माणूस आहेत. मी त्यांना नुसतं सर म्हणते. कोल्हापुरात ह्या विषयाला गाईड मिळणं कठीण, त्यांनी धाडसानं मला घेतलं. पण ते धाडस तिथंच संपलं. सर भांडणाला भितात. दाराशी कुणाचा आवाज चढला तरी सर चहा सांगतात.

मधल्या काळात कामाची प्रगती बघायला बाहेरचे एक तज्ज्ञ आले. मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेतले, ह्याच विषयात आयुष्य काढलेले. बाहेरनं आलेल्या परीक्षकाला आमच्या विभागात पाहुणे म्हणतात, मी पण तेच म्हणते. आता, पाहुणे काही मूर्ख नव्हते. उलट चार प्रकरणं त्यांनी इतकी बारकाईनं वाचली होती की मला बरं वाटलं. पाचव्यावर आले तेव्हा म्हणाले, "ह्या लाटा कुठं कुठं दिसल्या, त्या जागा नकाशावर मांडल्यात का?"

मी म्हटलं, नाही.

"मग मांडा. आमच्या संस्थेचा प्रोग्राम घ्या, आम्ही सगळे तोच वापरतो." आणि तिथंच लॅपटॉप उघडून त्यांनी माझ्या रेघा त्या प्रोग्रामात घातल्या. शुक्राच्या नकाशावर ठिपके उमटले. डोंगर एकीकडं आणि ठिपके सगळीकडं. पोतं फाटून जोंधळं सांडावं तसे.

"बघा," ते म्हणाले. "डोंगरावरनं लाटा उठत असत्या तर ठिपके डोंगराजवळ दिसले असते. हे कुठंही आहेत. म्हणजे नॉईज आहे, सिग्नलमधली खरखर. पाचवं प्रकरण काढून टाका. चार प्रकरणांत पदवी आरामात होते."

मी तोंड उघडलं. नॉईजला आकार नसतो आणि ह्याला आकार आहे, एवढंच मला म्हणायचं होतं. पण सर झटकन उठले. "सर, आधी जेवायला चला. रस्सा गार होतोय."

आता ही आमच्याकडची रीत नीट सांगायला पाहिजे. पाहुणा आला की त्याला तांबडा-पांढरा रस्सा खायला घालायचा, आणि घालायचा म्हणजे वाटी रिकामी होऊ द्यायची नाही. सर स्वतः पळी घेऊन उभे राहतात. "सर, थोडा पांढरा घ्याच की," म्हणून आग्रह करतात. आणि एकदा माणूस आपल्या घरचं जेवला की त्याच्याशी वाद घालायचा नाही. ते अन्नाला धरून नसतं. कुठं लिहिलेलं नाही, पण आमच्या विभागातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. किती प्रश्न त्या पांढऱ्या रश्श्यात बुडाले असतील, देव जाणे! माझाही बुडाला. पाहुण्यांनी दोनदा रस्सा घेतला, जगात भारी म्हणाले आणि गाडीत बसून गेले.

गाडी वळल्यावर सर म्हणाले, "झालं. काढून टाकू पाचवं."

"सर, मला बोलूच दिलं नाहीसा."

"अगं, पाहुणे आहेत ते. पुढं परीक्षक म्हणून त्यांचंच नाव जाणार आहे."

तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. माझा राग पाहुण्यांवर नव्हता, त्यांनी त्यांना दिसलं ते सांगितलं. राग होता तो त्या पळीवर.

शनिवारी गावी गेले. आमचं गाव शिरोळच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात. आई तिथं असते. वडील गेल्यापासनं म्हशी तीच बघते, डेअरीला दूध घालते, आणि मला काय येतं यापेक्षा मी जेवले का याची तिला जास्त काळजी. पण माझं तोंड बघून तिनं ओळखलं.

"काय झालंय?"

मी सांगितलं. लाटा, ठिपके, नॉईज, सगळं. ती शेण भरता भरता ऐकत होती.

"तुला दिसल्या न्हवं लाटा?"

"दिसल्या."

"मग काढायच्या कशाला?"

"आई, नुसतं दिसून चालत न्हाय. जागा दाखवायला लागती. जागा जुळंना झाल्यात."

"मग जागा हुडीक की," म्हणाली आणि शेणाची पाटी घेऊन उकिरड्याकडं गेली. आईशी बोलून डोकं शांत होतं असं लोक म्हणतात. माझं उलटं होतं. तिच्या लेखी ते एवढं सोपं होतं म्हणून मी अजूनच चिडले. पण चिडून चिडून करणार काय? पाहुण्यांनी दिलेला प्रोग्राम माझ्याकडं होता. मी घराच्या पुढच्या सोप्यातच लॅपटॉप उघडून बसले.

ठिपके वेगळे वेगळे करून बघायला लागले. आधी दिवसाचे आणि रात्रीचे वेगळे काढले, काही नाही. मग जुने आणि नवे. काही नाही. मग सहज, यान शुक्राच्या जवळ असतानाचे एका रंगात आणि लांब असतानाचे दुसऱ्या रंगात घातले. हे यान एका लांबट वाटेनं फिरतं, कधी शुक्राच्या अगदी अंगावरनं जातं, कधी पार लांब जातं.

जवळचे ठिपके डोंगराच्या कडेला होते. सगळे नाहीत, पण बहुतेक. लांबचे तेवढे उधळलेले होते.

डोंगराला काय माहीत यान जवळ आहे का लांब? लाट असली तर असेल, नसली तर नसेल. यानाच्या अंतरावरनं लाटेची जागा कशी बदलेल? म्हणजे गडबड लाटेत नव्हती, जागा काढण्यात होती.

प्रोग्राम उघडून ओळ न् ओळ वाचली. आणि सापडलं. प्रत्येक रेघेची जागा म्हणून प्रोग्राम काय घेत होता, तर त्या वेळी यान शुक्राच्या कुठल्या भागावर होतं ती जागा. यान! पण हवा यानाच्या खालची मोजलेली नसतेच. किरण जिथं घासून येतो तिथली हवा मोजलेली असते. ती जागा वेगळी. यान जवळ असलं तर दोन्ही जागा शेजारी शेजारी पडतात, फरक कळत पण नाही. यान लांब गेलं की त्या जागा एकमेकींपासनं कुठल्या कुठं जातात. ही चूक दुसऱ्या कुठल्या धंद्यात होणार नाही. ती आमच्याच लोकांना शक्य आहे, कारण आम्हाला सवयच लागलेली असते, यान कुठं आहे ते आधी बघायचं. पूर्वी जवळनं फिरणाऱ्या एखाद्या यानासाठी कुणीतरी तो प्रोग्राम लिहिला असणार, तेव्हा तो चाललाही असणार. पुढं लांब जाणाऱ्या यानाला तोच लावला आणि कुणी वळून बघितलं नाही.

तरी माझा माझ्यावर विश्वास बसेना. मी आईला हाक मारली. "आई, बॅटरी घेऊन गोठ्यात ये जरा."

"कशाला? भर दुपारी?"

"ये तर."

गोठ्याचं दार ओढून घेतलं, अंधार झाला. उखळावर पाण्याची घागर पालथी ठेवली. आईला बॅटरी पेटवून घागरीच्या मागं उभं केलं. "मी धरतो की," म्हणाली ती. आमच्याकडं बायकापण करतो, धरतोच म्हणतात. ती बॅटरी म्हणजे यान, घागर म्हणजे शुक्र, आणि पुढं बसलेली मी म्हणजे पृथ्वी. आईनं बॅटरी हळूहळू घागरीच्या आड नेली. घागरीच्या कडेला प्रकाश घासला आणि गेला.

"आता चार पावलं मागं जा आणि तसंच कर."

ती मागं गेली, म्हशीला लागून उभी राहिली. पुन्हा प्रकाश त्याच कडेला घासून गेला. पण आता बॅटरीला जवळची म्हणावी अशी घागरीची बाजू पार पाठीमागं होती, मला दिसतही नव्हती. प्रोग्राम ती पाठीमागची जागा लिहीत होता. मी उठून नाचायलाच लागले. म्हैस बिथरली.

"येडी झालीस काय गं?" आई ओरडली. "दाव्याला हिसका बसतोय तिच्या!"

मी म्हटलं, "जागा सापडली!"

घरात येऊन प्रोग्रामातली जागा दुरुस्त केली. घासण्याची जागा घातली. नकाशा पुन्हा काढला. ठिपके सरकले. बहुतेक सगळे एका मोठ्या डोंगराळ प्रदेशाच्या एका अंगाला येऊन बसले. थोडे अजूनही भलतीकडं होते, त्यांचं कारण मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. ते मी तसंच लिहिलं आहे. पण बाकीच्यांबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. मी जमिनीवर बसून तो नकाशा किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. शुक्रावरचा वारा डोंगरावर धडकत होता आणि ते मला शिरोळच्या उसात बसून दिसत होतं. रडू आलं. आनंदानंच आलं.

सोमवारी सरांना दाखवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं." आणि लगेच, "पण प्रबंधात नको."

"का?"

"अगं, त्यांच्या संस्थेचा प्रोग्राम आहे. ते परीक्षक आहेत. त्यांचीच चूक त्यांच्याच समोर काढणार तू? पदवी घे आधी. मग लिही काय लिहायचं ते. वाढीव मुदत पण संपत आलीय तुझी, दुसरी संधी नाही."

सर खोटं बोलत नव्हते. मुदत खरंच संपत आली होती. पदवी नसली की मुरगूडची तासिकेवरची नोकरी तासिकेवरच राहणार, दर वर्षी पुन्हा मुलाखत, पुन्हा कुणाच्या तरी तोंडाकडं बघायचं. हे सगळं मला समजत होतं. तरी मी म्हटलं, "सर, पाचवं प्रकरण राहू दे. मी त्यांना आधी सरळ कळवते."

पाहुण्यांना मी मेल केली, अगदी नम्रपणे. नकाशा जोडला. जागा अशी नाही, अशी घ्यायला हवी, हे समजावून लिहिलं. दोन ओळींचं उत्तर आलं: प्रोग्राम अनेक वर्षं वापरात आहे, आपण व्हायवाच्या वेळी बोलू. अहो, वापरात आहे म्हणजे बरोबर आहे का? पण ठीक. व्हायवाच्या वेळी तर व्हायवाच्या वेळी.

व्हायवा म्हणजे पीएचडीची तोंडी परीक्षा. ती उघडी असते, कुणीही येऊन बसावं. गावाकडनं भाड्यानं माणसं नेणारी वडापची जीप भरून लोक आले. आई, मामा, मामी, भावकीतली चार माणसं. मामा ट्रॅक्टर चालवतो, सगळ्यात पुढच्या रांगेत जाऊन बसला. विभागातल्या मुलीनं त्याला हळूच मागं बसवलं.

सरांनी व्हायवा मुद्दाम जेवणानंतर ठेवली होती. मला डाव कळला. पाहुणे पोटभर जेवलेले, सुस्तावलेले, आणि मी त्यांना जेवायला घालणाऱ्या घरातली. सरांनी पळी घेतली, आग्रह केला. पाहुण्यांनी या खेपेलाही दोनदा घेतला. मी एक घास खाल्ला नाही. सरांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं, आणि मला वाटतं त्यांना तेव्हाच कळलं की आज ही गप्प बसणार नाही.

चार प्रकरणं झाली. पाचवं आलं. मी दोन नकाशे शेजारी शेजारी लावले आणि पाहुण्यांकडं वळले.

"सर, एक विचारू? हा ठिपका जिथं आहे, तिथं काय होतं? यान होतं, का किरण घासला होता?"

सरांनी मान खाली घातली. पाहुणे उठून पडद्याजवळ आले, दोन्ही नकाशे नीट बघितले, मला प्रोग्रामची ती ओळ दाखवायला सांगितली. मी दाखवली.

"यान," ते म्हणाले. "हो. यानाची जागा घेतली गेलीय."

माणूस खरा होता. पण पुढं काय बोलणार आहे ते मला माहीत नव्हतं.

पाहुणे खुर्चीत बसले, हसले, आणि सगळ्यांकडं वळून म्हणाले, "फार महत्त्वाची गोष्ट आहे ही. आमच्या बऱ्याच कामावर परिणाम होणार. म्हणून ती नीट, जबाबदारीनं बाहेर यायला हवी. आमचा गट हे दुरुस्त करून पेपर लिहील, त्यात ह्यांचंही नाव घालू. तोवर प्रबंधातनं पाचवं प्रकरण काढून घ्या. मी आज, आत्ता, पदवीची शिफारस करतो."

सरांचा चेहरा उजळला. विभागातल्या लोकांनी माना डोलावल्या. मोठ्या संस्थेच्या पेपरात नाव! पदवी आज! खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं, घे बाई, पदरात पडतंय ते घे. जीपभर लोक बसलेत. आई तिच्या ठेवणीतल्या लुगड्यात बसलीय. कशाला डोक्याला ताप?

आणि मग त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात नीट उतरलं. आमचा गट. जबाबदारीनं. म्हणजे चूक त्यांच्याकडनं झाली ती वर्षानुवर्षं चालली, आणि ती सापडली मला, तर ती माझ्याकडनं सांगितली जाणं बेजबाबदार! अरे वा रे वा!

"न्हाय सर," मी म्हटलं. प्रमाण भाषा कुठल्या कुठं गेली. "प्रकरण काढायचं न्हाय."

"मी कायमचं काढून टाका म्हणत नाही. थोडं थांबा म्हणतोय."

"सर, माझं चुकलंय का? तेवढं सांगा."

त्यांनी पुन्हा एकदा नकाशांकडं बघितलं. "नाही. चुकलेलं नाही."

"मग करा की सही."

हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं. पाहुणे सरांकडं वळले आणि शांतपणे म्हणाले, "तुमच्या विद्यार्थिनीला तुम्हीच समजवा."

सगळे सरांकडं बघायला लागले. सर उठले. त्यांच्या बोटाला अजून रश्श्याचा लाल रंग होता. मला वाटलं, आता चहा सांगतील. ते उभेच राहिले, आणि हळू पण स्पष्ट आवाजात म्हणाले, "सर, ती बरोबर आहे. प्रकरण राहील."

मला सरांच्या पाया पडावंसं वाटलं. नाही पडले, कारण पडले असते तर दोघंही रडलो असतो.

पाहुण्यांनी सही केली नाही. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. "मला विचार करावा लागेल," म्हणाले, फाईल बंद केली, आणि सर त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. पुढचं थोडक्यात सांगते. महिन्याभरानं त्यांनी परीक्षकपद सोडलं. विद्यापीठानं मला मुदत वाढवून दिली, ती सर भांडले म्हणून. होय, सर भांडले! प्रबंध आता दुसऱ्या परीक्षकाकडं आहे. मधे मला एकदा पुन्हा विचारण्यात आलं की काम लवकर व्हावं म्हणून पाचवं प्रकरण वगळता का. मी न्हाय म्हटलं. दुरुस्त केलेल्या जागा मी नेटवर सगळ्यांसाठी टाकल्यात, मला डेटा मिळाला तशाच, फुकट. मुरगूडला अजून तासिकेवरच जाते. नावापुढं डॉक्टर लागलेलं नाही. लागेल तेव्हा पाचव्यासकट लागेल, नाहीतर नको.

पण त्या दिवशी हॉलमध्ये काय झालं ते राहिलं. व्हायवा संपली की परीक्षक उभं राहून जाहीर करतात, अमुक यांना पदवी देण्याची शिफारस करतो, आणि सगळे टाळ्या वाजवतात. गावाकडच्या लोकांना तेवढं सांगून ठेवलेलं होतं. आता परीक्षक निघून गेले होते आणि ही माणसं तशीच बसून होती, हात मांडीवर ठेवून, कधी वाजवायचं ते कळेना म्हणून. कुणीतरी त्यांना सांगायला पाहिजे होतं. मीच पुढं गेले.

"पदवी मिळाली न्हाय," मी म्हटलं. "एक प्रकरण काढा म्हणत होते. खरं हाय ते. म्हणून काढलं न्हाय."

मामानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि आईला विचारलं, "मग टाळ्या वाजवायच्या का न्हाय?"

आई उठून उभी राहिली होती. "वाजवा की!" म्हणाली, आणि सगळ्यात आधी तिनंच वाजवल्या.